रेणू गरम झाला

रेणूने रेणू घडवला, यात तिच्या नावाचा काही हात नव्हता. नाव बारशाला ठेवलेलं, तेव्हा तिला धड मानही धरता येत नव्हती. पण गोंदियाच्या एका कॉलेजात खपून तिने एक रंग तयार केला होता, इतका गडद निळा की चिमूटभर तलावात पडला असता तर काठच्या म्हशींनी निळं दूध दिलं असतं.

त्या रंगाच्या प्रत्येक रेणूला एक देणारं टोक होतं, एक घेणारं, आणि मधे इलेक्ट्रॉनांना सरकायला घसरगुंडी. प्लास्टिकच्या पातळ थरात असे रेणू एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले, की थराला वीज लावताच आतून जाणाऱ्या प्रकाशाची चाल बदलते. इंटरनेटचे निरोप विजेवरून प्रकाशावर चढवायला हीच तर करामत लागते. पण मेले उभे राहतील तर ना. मोकळे सोडले की जोडीजोडीने उलटसुलट तोंडं करून एकमेकांचा जोर मारून टाकतात. म्हणून थर चढवलेली काच तापवून तो मऊ करायचा, हजारो व्होल्टचा दाब देऊन सगळ्यांना एकीकडे वळवायचं, आणि दाब तसाच ठेवून थंड करायचं. मधेच दाब गेला की पुन्हा जो तो आपल्या मर्जीचा.

आज दोनच काचा उरल्या होत्या. नागपूरहून मागून आणलेला लेझर संध्याकाळी परत जायचा होता. तिचे मार्गदर्शक हिमांशु सर स्वच्छ बोलले होते, “आज सिग्नल दिसला नाही तर हा रेणू कपाटात. तू माझा जुना विषय घे.” तो विषय इतका जुना होता की त्याला वाळवीसुद्धा कंटाळली होती.

पहिली काच तापली, दाब चढला आणि लाईन गेली. बाकी सगळं इन्व्हर्टरवर चालत राहिलं. दाब देणारी पेटी तेवढी थेट लाईनीवर. ती गप्प झाली. काच वाया गेली.

तेवढ्यात फोन वाजला. रेणूच्या हातात मोजे, म्हणून तिच्या जोडीच्या ओमेशने उचलला. ओमेश गोंदिया शहरातला, घरात हिंदी. मराठीत तो कोणाला पुल्लिंगी करेल आणि कोणाला स्त्रीलिंगी, याचा नेम नसे.

“रेणू कुठी आहे?” सालेकशाला राहणाऱ्या तिच्या बाबांचा, ईश्वरदासांचा आवाज आला.

“काका, रेणू गरम झाला होता. एकशे वीसवर. तेवढ्यात लाईन गेली. आता त्याचं तोंड कोणत्या तरफ आहे, काही सांगता येत नाही.”

फोन कटला. ईश्वरदास तेव्हा आमगावच्या बाजारात होते. तिथून त्यांनी मोटारसायकल अशी हाणली, की त्याच वेळी निघालेली पॅसेंजर गोंदियाला लागली तेव्हा यांचा सायलेन्सर थंड होऊन त्यावर चिमणी बसली होती.

ते प्रयोगशाळेत शिरले ते काखेत गमछ्यात बांधलेलं बोचकं घेऊन.

“काऊन वं बाई, तू त उभी आहेस.”

“मग बसू का?”

“हा पोरगा म्हने, तुले एकशे वीस ताप आहे.”

“मला नाही बाबा, काचेतल्या रेणूंना.”

ईश्वरदास ओमेशकडे वळले. “तुह्या मास्तरनं तुले पुल्लिंग-स्त्रीलिंग नाई शिकवलं का बे?”

“काका, रेणू पुल्लिंगीच असतो,” ओमेश म्हणाला.

ईश्वरदासांनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि बोचकं टेबलावर ठेवलं. गमछा सुटला. आत झटका मशीन होती, हजारो व्होल्टचे झटके देणारी, धानाच्या कुंपणाला लावतात ती. तारेला शिवलेलं रानडुक्कर पुन्हा त्या वाटेने येत नाही. चालते बॅटरीवर.

रेणू मशीनवर वाकली. “बाबा, ही चालू आहे?”

“आत्ताच दुरुस्त करून आनली. हात नको लावू.”

“आजचा दिवस मला द्या.”

“धान लोंबीवर आहे वं. डुकराइले काय सांगू, पोरगी रेणू उभे करून राहिली म्हून?”

“सांगा ना. आज माझं काम नाही झालं तर सगळं कपाटात जाईल.”

ईश्वरदासांनी डोकं खाजवलं. मग बॅटरीचे क्लिप स्वतःच लावून दिले.

मशीन ठोक्याठोक्याने झटके देते, आणि रेणूला तर सलग दाब हवा होता. तिने मधे एक डायोड बसवला, म्हणजे झटका मागे फिरू नये, आणि एक कपॅसिटर, म्हणजे दोन झटक्यांच्या मधे दाब पडू नये. दुसरी काच तापली. टक्, टक्, टक्.

हिमांशु सर दारात थबकले. “हे काय आहे?”

“पल्स सोर्स, सर.”

“कंपनी कोणती?”

“आमगाव,” ईश्वरदास म्हणाले.

हीटर बंद झाला. काच थंड होऊ लागली तसे ईश्वरदास गमछ्याने वारा घालायला पुढे झाले.

“राहू द्या बाबा. हळूच निवलं पाहिजे.”

मशीन टकटकत राहिली. काच हाताला गार लागली तेव्हाच रेणूने तार काढली. मग काच लेझरपुढे लावली, थराला थोडी वीज दिली. पडद्यावरची रेषा पडून होती, ती उठली. वीज काढली, बसली. पुन्हा दिली, उठली.

“काच उलटी लाव,” सर म्हणाले. खोटा सिग्नल असता तर तसाच उठला असता. रेणूने काच फिरवली. रेषा खालच्या बाजूला वाकली.

सर खिशातून फोन काढत ओमेशला म्हणाले, “लेझरवाल्याचा नंबर सांग. आज गाडी पाठवू नको म्हणतो.”

“मंग?” ईश्वरदासांनी लेकीला विचारलं. “कपाटात जाते का तुहा रेणू?”

रेणूने नाही म्हणून मान हलवली. ती नव्या काचा धुवायला बसली होती.