राव नसलेला बुज्जी

मी धर्माबादच्या मिरचीच्या अडत्याचा तांबडा कोंबडा बोलतोय. माझी कलगी फाटकी आणि उजवा पाय लंगडा आहे. पण बसा, घाई कसली. व्यापाऱ्याच्या घरात वाढलोय, गप्पांची सवय जात नाही.

माझे मालक सुदर्शनशेठ. पोत्यापोत्यावर शेतकऱ्याचं नाव लिहितील, पण झुंजीच्या कोंबड्याला नाव ठेवणार नाहीत. म्हणायचे, "नाव ठेवलं की झुंजीत सोडायला हात धजत न्हाई." म्हणून मी नुसता 'तांबडा'.

नाव ठेवलं त्यांच्या लेकीनं, पहिलीतल्या आरतीनं. नांदेडहून तिला चित्रांचं पुस्तक आणलं होतं. मला बांधलं होतं त्या खुंट्याशेजारी बसून ती ते मोठ्यानं वाचायची, त्यामुळं मलाही पाठ झालं. त्यात वाघ म्हणजे वाघोजीराव, लांडगा लांडगेसाहेब, कोल्हा कोल्हेकाका. कोकरू मात्र बबडू, ससा सोनू, कोंबडीचं पिल्लू चिंगी. मला मोठी गंमत वाटायची. खाणाऱ्याला मान, आणि ज्याला खायचं त्याला लाडाचं नाव.

पोरीच्याही ते ध्यानात आलं असावं. एकदा तिनं आजीला, साखराबाईंना, विचारलं, "आजे, रावांला कोणी कापत न्हाई ना?"

"रावांला कोण हात लावतंय बाई," मिरच्यांचे देठ खुडत आजी म्हणाली.

त्या दिवसापासून मी कोंबडेराव झालो. शेठ हसून म्हणाले, मग आता अहो-जाहो कर त्याला. पोरीनं ते खरं धरलं. "कोंबडेराव, ज्वारी घ्या" म्हणत मूठ पुढं करायची. गिऱ्हाइकं पोट धरून हसायची.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, शेठनी मला सीमेपलीकडच्या तेलुगू गावात झुंजीला नेलं. पायाला बोटभर लांब पातं आवळून बांधलं. समोर पांढरा कोंबडा होता. सोडण्याआधी त्याच्या म्हाताऱ्या मालकानं त्याच्या मानेला ओठ लावले आणि हळूच म्हणाला, "बुज्जी." तेलुगूत लाडक्या लेकराला म्हणतात तसं. शेठनीही ते ऐकलं.

मग सोडलं. बुज्जी माझ्या डोक्यावरून उडाला आणि त्याच्या पात्यानं माझी कलगी चिरली. डोळ्यांत रक्त उतरलं. दुसऱ्या झेपेत मांडीतली शीर तुटली, मी आडवा झालो आणि तो छातीवर चढला. मी पडल्या पडल्या लाथ झाडली. पातं त्याच्या पोटात शिरलं ते अडकूनच बसलं. तो सुटायला बघायचा तेवढं पोट आणखी फाटायचं. एकमेकांना अडकून आम्ही धुळीत लोळलो. आतडी बाहेर आली तरी तो चोच मारत होता. मग ती चोच उघडीच राहिली. लोक टोप्या उडवत होते. त्यानं माझं काय वाईट केलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

तिथला रिवाज असा, की हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या हंडीत जातो. एकाच पिशवीत, बुज्जीच्या गार होत चाललेल्या अंगावर टाकून शेठनी मला घरी आणलं. वाटेत सोबत्याला म्हणाले, ह्याचा पाय गेला, आता ह्याचाबी रस्साच.

साखराबाईंनी आधी बुज्जीला सोललं. मग माझे पाय पायाखाली दाबून मान ताणली आणि सुरी टेकवली. तेवढ्यात आरतीनं येऊन त्यांचं मनगट धरलं.

"आजे, तूच म्हणली होतीस. रावांला कोण हात लावतंय."

आजीनं लेकाकडं पाहिलं. शेठ रिकामी पिशवी झटकू लागले. आजीनं सुरी धुऊन फळीवर ठेवली.

ताटं वाढली. पोरगी रश्श्याकडं बघत बसली.

"बाबा, ह्याचं नाव काय होतं?"

"कोंबड्याला कशाचं नाव." शेठनी भाकरी मोडली, पण घास हातातच राहिला. मग म्हणाले, "बुज्जी."

"पुढं राव नव्हतं?"

"न्हाई."

"म्हणूनच," पोरगी म्हणाली.

शेठ भरल्या ताटावरून उठले.

इथं शेठ सुधारले असं सांगितलं असतं तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण गेल्या महिन्यात त्यांनी नवं काळं पिल्लू आणलं. ते घरी आणलं नाही, गोदामात मिरचीच्या पोत्यांमागं बांधलंय. आरतीला दिसलं तर ती नाव ठेवील.

चित्रांची पुस्तकं काढणाऱ्यांनो, पुढच्या खेपेला त्या कोकरालाही राव लावून बघा. तोवर माझ्यानं होतं तेवढं मी करून राहिलोय. पहाटे लंगडत कुंपणावर चढतो आणि गोदामाकडं तोंड करून आरवतो. शेजाऱ्यांना वाटतं, मी उजाडल्याचं सांगतोय. मी त्या पिल्लाला राव म्हणून हाक मारत असतो.