पुठ्ठ्यावरची शाळा

अप्पाराव गुरुजी पाढे म्हणायला लागले की नदीपलीकडच्या शेतात बैल कान टवकारतात, असं गावात म्हणत. टेंभुर्णीच्या पुढे आडवळणाला असलेलं ते छोटं गाव. शाळेला एक खोली, चार वर्ग आणि एक गुरुजी. पहिलीला उजळणी, दुसरीला पाढे, तिसरीला कविता, चौथीला गणित, सगळं एकाच वेळी चालायचं आणि सगळ्यांच्या वर गुरुजींचा आवाज असायचा.

घरीही तोच आवाज. त्यांची बायको चांगुणाबाई लग्नानंतर तापानं आजारी पडल्या होत्या. ताप गेला, पण जाताना कान घेऊन गेला. मोठ्यानं बोललं तरच त्यांना ऐकू यायचं. त्यामुळे गुरुजींच्या घरी आज कसली भाजी आहे, ते अख्ख्या आळीला कळायचं.

दुष्काळ सरल्यावर दोनेक वर्षांनी गुरुजींच्या घशात गाठ आली. औरंगाबादच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जिवाचा धोका टळला, पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तसंच झालं. आवाज परत आला नाही. गुरुजी बोलायचे तेव्हा नुसती हवा बाहेर यायची, शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागायचा.

घरी आले त्या संध्याकाळी चांगुणाबाई चुलीपुढं होत्या. गुरुजी म्हणाले, "चहा टाक." त्या भाकरी थापत राहिल्या. ते पुन्हा म्हणाले. मग उठून त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि तिसऱ्यांदा म्हणाले. चांगुणाबाईंनी त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

"मिशीनं व्हट दिसंनात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मिशी काढून टाकली. लग्नापासून राखलेली मिशी होती. चांगुणाबाई बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग उठून त्यांनी चहा ठेवला.

ओठांवरून चहा, पाणी, भाकर एवढं कळायचं. त्यापुढचं काही कळेना, आणि लिहून दाखवावं तर त्यांना वाचता येत नव्हतं. दवाखान्यात काय काय झालं, तिथली नर्स कशी मायाळू होती, हे सगळं गुरुजींच्या पोटातच राहिलं. दोघं शेजारी बसून जेवत आणि घर गप्प असे.

शाळेत त्याहून वाईट. पहिल्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर छडी आपटली, टाळ्या वाजवल्या, पण पोरांचा गलका काही थांबेना. शेवटी ते खुर्चीत बसून राहिले. आपण आता काय करायचं, हे त्यांना खरंच सुचेना. पुढ्यात खडूचं रिकामं खोकं पडलं होतं. त्यांनी ते फाडलं, पुठ्ठा सरळ केला आणि त्यावर कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलं: बसा. मग तो पुठ्ठा डोक्यावर धरून उभे राहिले.

चौथीच्या पोरांनी वाचलं आणि ती बसली. त्यांना बघून तिसरीची बसली. पहिलीच्या पोरांना काही वाचता येत नव्हतं, पण सगळे बसले म्हणून तीही बसली आणि पुठ्ठ्याकडं बघायला लागली.

दुपारी गुरुजी बद्रीनाथच्या दुकानात गेले. साबणाची, बिड्यांची रिकामी खोकी मागून आणली. घरी बसून पुठ्ठे कापले आणि एकेकावर लिहिलं: उभे राहा. पाणी प्या. पाटी पुसा. दार लावा. शाळेच्या खोलीतल्या वस्तूंनाही नावं चिकटवली. खिडकीवर खिडकी, माठावर माठ. सुट्टीचा पुठ्ठा तेवढा दाराशी टांगला. पहिलीतल्या पोरांना सगळ्यात आधी वाचायला आलं ते हेच. पुठ्ठा उलटा टांगला तरी ती ओळखायची.

हळूहळू गुरुजींना कळत गेलं की पूर्वी आपण बोलायचो आणि पोरं ऐकायची, त्यात वाचायची गरजच कुणाला पडत नव्हती. आता गुरुजी काय म्हणतात हे कळायचं तर वाचणं भाग होतं. तुरीच्या वाळक्या तुराट्यांचे एकसारखे तुकडे करून त्यांनी दहादहाच्या जुड्या बांधल्या. हातच्याची बेरीज आली की पोरं सुट्या काड्यांची जुडी बांधायची, वजाबाकी आली की जुडी सोडायची. हातचा म्हणजे काय, हे घसा कोरडा करून त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं होतं. आता तो पोरांच्या मुठीत मावत होता. जुन्या ताटात नदीची वाळू पसरून पहिलीची पोरं बोटानं अक्षरं काढायची. चुकलं की ताट हलवायचं, पुन्हा काढायचं. चौथीतला एक जण रोज पहिलीत जाऊन बसायचा आणि त्यांना शिकवायचा. आणि एक गंमत झाली. गुरुजी कुजबुजत बोलतात म्हणून पोरंही कुजबुजायला लागली.

एके सकाळी मजुरीला जाणाऱ्या गिरिजाबाई आपल्या लेकीला, बेबीनंदाला, हाताला धरून शाळेत आल्या. वर्षापूर्वी ही पोर आठवडाभर शाळेत आली होती, मग आलीच नव्हती.

"जयभीम गुरुजी. हिला परत घ्या," गिरिजाबाई म्हणाल्या.

"घेतो की. मधी का आली न्हाई?" गुरुजींनी वाकून विचारलं.

गिरिजाबाई जरा घुटमळल्या. "राग नगा धरू. तुमी वरडायचे न्हाई का, तिची छाती धडधडायची. आता म्हणती, गुरुजी वरडत न्हाईत, मंग मी जाते."

 गुरुजींनी बेबीनंदाला वाळूच्या ताटापाशी बसवलं, तिचं बोट धरून ब काढला आणि मग बोट सोडून दिलं. तिनं ताट हलवलं आणि स्वतः काढायला लागली. त्या दिवशी त्यांचं लक्ष पुन्हा पुन्हा तिच्याकडं जात होतं.

घरी पुठ्ठे कापायचं काम आता चांगुणाबाईंनी घेतलं होतं. खळ शिजवायची, दोन पातळ पुठ्ठे एकावर एक चिकटवून वाळवायचे, काड्यांच्या जुड्यांसाठी जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवायच्या. एकदा दिवेलागणीला त्यांनी एक पुठ्ठा हातात घेतला आणि विचारलं, "हितं काय लिव्हलंय?"

गुरुजींनी तो त्यांच्या हातात सरळ करून दिला. सांगायला आवाज नव्हता. मग ते उठले, तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्याले. चांगुणाबाईंनी पुठ्ठ्याकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं.

"पाणी प्या?"

गुरुजींनी मान हलवली. चांगुणाबाई हसल्या. दुसरा पुठ्ठा उचलून त्यांनी पुढं केला. गुरुजी उभे राहिले. तिसऱ्याला त्यांनी दार लावलं. शेजारच्या सोनूबाई आपल्या दारातून बघत होत्या, त्यांना वाटलं आजारपणात गुरुजींच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्या दिवसापासून घरातल्या डब्यांवर कागद चिकटले. मीठ, साखर, तूरडाळ. चांगुणाबाई स्वयंपाक करता करता बोटानं अक्षरं गिरवायच्या. गुरुजी पाटीवर लिहायचे, त्या वाचायच्या. आधी एकेक शब्द, मग ओळ. दवाखान्यातल्या मायाळू नर्सची हकीकत त्यांना अशी पाटीवरून, तुकड्यातुकड्यानं कळली.

एकदा गुरुजींनी पाटीवर लिहिलं, "तुला आधी का शिकवलं नाही मी?"

चांगुणाबाईंनी ते सावकाश वाचलं. "आधी तुमी बोलत व्हता, मला ऐकू येत व्हतं," त्या म्हणाल्या. "मंग कशाला लागत व्हतं?" आणि पदरानं पाटी पुसून त्यांच्यापुढं ठेवली.

दिवाळीनंतर शिक्षण विस्तार अधिकारी अण्णासाहेब तपासणीला आले. गुरुजींचा आवाज गेल्याचं त्यांच्या कानावर होतं. भला माणूस होता, पण काळजीत होता. दारातच म्हणाले, "गुरुजी, आवाजाशिवाय चार वर्ग कसे संभाळून राह्यले तुम्ही? मला वर काहीतरी कळवावं लागंल."

गुरुजींनी बसाचा पुठ्ठा दाखवला. अण्णासाहेब मुकाट्यानं पोरांच्या रांगेत सतरंजीवर बसले. बसल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते हसायला लागले. मग सुट्टी होईस्तोवर तिथंच बसून राहिले. बेबीनंदानं त्यांच्यापुढं वाळूचं ताट सरकवलं तेव्हा त्यांनी आपलं नावही काढलं. जाताना एवढंच म्हणाले, "वर काय कळवायचं ते मी बघतो. पण पुढच्या महिन्यात आसपासचे सगळे मास्तर हितंच बोलवतो. त्यांना हे दाखवा."

गुरुजींना धास्ती पडली. पोरांचं ठीक, पण मोठ्या माणसांपुढं कुजबुजणार कसं? चांगुणाबाई म्हणाल्या, "मी येते संगं."

त्या दिवशी शाळेत मास्तर दाटीवाटीनं बसले होते. गुरुजींनी भाषण केलंच नाही. त्यांनी मास्तरांनाच पोरं केलं. पुठ्ठे दाखवून उठवलं, बसवलं, जुड्या सोडायला लावल्या. खोलीत हशा पिकला. शेवटी रामराव नावाचे वयस्क शिक्षक उठले. "सगळं बराबर हाय. पण आमच्या शाळेत पुठ्ठ्याला कसर लागती, उंदीर खातेत. तुमची खळ कशाची असती?"

गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग वळून फळ्यावर लिहिलं: खळ कशाची?

चांगुणाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठून फळ्याजवळ आल्या आणि अक्षराखाली बोट धरून सगळ्यांदेखत वाचू लागल्या. "ख... ळ. खळ. क... शा... ची." बोट थांबलं. 

"ज्वारीच्या पिठाची," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं, तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला. "आधी कडुलिंबाचा पाला उकळायचा, त्या कडू पाण्यात पीठ शिजवायचं. मंग उंदीर तोंड लावत न्हाई. पुठ्ठा सावलीत वाळवा, उन्हात वाकडा व्हतो."

मास्तर एकेक करून विचारत गेले, गुरुजी फळ्यावर लिहीत गेले आणि त्या वाचून सांगत गेल्या. मोठ्या प्रश्नाला वेळ लागायचा. कुणी मधे बोललं नाही.

पांगापांग झाल्यावर दोघं घराकडं निघाले. ऊन कललं होतं. चांगुणाबाईंनी विचारलं, "मी लई जोरात बोलले का?"

गुरुजी थांबले. त्यांनी बायकोचा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटानं दोन अक्षरं काढली: लई.

चांगुणाबाईंनी ती वाचली. मग पदर तोंडाशी धरून त्या हसत राहिल्या, आणि वाटेत भेटलेल्या सोनूबाईंना काय झालं ते सांगायला गुरुजींना थांबावंच लागलं नाही. ते चांगुणाबाईंनीच सांगितलं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.