वाकडी पाकळी

माझ्यासोबत एक पत्र आलं होतं. अडीच वर्षं त्याला उत्तर गेलं नाही. त्याची आठवण आली की माझे टाके अजूनही आवळल्यासारखे होतात.

मित्रांनो, मी एक जुनं मसोतं आहे. गरम भांडं उतरवायला हातात धरतात ते. नळदुर्गच्या लक्ष्मम्मांनी मला पांढऱ्या सुती दोऱ्यानं, क्रोशाच्या सुईवर विणलं. मधोमध लाल फूल, कडेनं झालर, टांगायला कोपऱ्यात कडी. तेव्हाच त्यांची नजर विझत चालली होती. त्या अंगठ्यानं चाचपत टाके मोजत. चौथ्या पाकळीपाशी मोजणी चुकली. त्यांनी उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा चुकलं. ती पाकळी वाकडी, जाड नि गाठाळ झाली.

लोहाऱ्याला त्यांचे थोरले भाऊ रेवणसिद्धअण्णा एकटे राहतात. वाचनालयातून निवृत्त झालेला, खाली मान घालून चालणारा माणूस. लक्ष्मम्मांनी मला त्यांच्याकडे धाडलं. सोबत मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत पत्र: "अण्णा, ईण नीट आलीय का? घरचे सगळे छान म्हणत्यात, माझं मन राखत्यात. तुम्ही खोटं बोलत न्हाय. तुम्ही सांगितलं तर पुढं विणीन, न्हायतर सुई ठेवून देते."

अण्णांचं बोट त्या पाकळीवर थांबलं. त्यांनी 'छान' लिहिलं, खोडलं. 'चुकलंय' लिहिलं, फाडलं. फोनवर बहिणीनं माझा विषय काढला की "लिहितो, लिहितो" म्हणत नि पावसापाण्याचं विचारत. पुढंपुढं तिनंही विचारणं सोडलं.

मला मात्र शोभेसाठी खिळ्याला टांगलं. अण्णा दूध उतरवायचे धोतराच्या चिंधीनं, आणि बोटं भाजून घ्यायचे. भाकरी करायला येणाऱ्या अयोध्याबाई हसायच्या.

"काय ओ सर, त्याला हळदकुंकू वाहायचंय का? वापरा की!"

"नाजूक हाय. खराब व्हईल."

"अन् तुमची बोटं काय लोखंडाची हायत?"

फोडणीचा तेलकट धूर माझ्या अंगावर चढत गेला. पांढरा रंग पिवळा पडला, फूल काळपटलं. ज्या कामासाठी जन्म, ते एकदाही नशिबी आलं नाही.

गेल्या महिन्यात लक्ष्मम्मांची सून शिवलीला आली. चहा पिता पिता म्हणाली, "मामा, आत्यांनी दोन वर्सं झाली सुई धरली न्हाय. म्हणत्यात, अण्णाचं उत्तर न्हाय, म्हंजे ईण बिघडलीच. आता तर उजेडबी कळंना त्यांना. नुसत्या हात मांडीवर ठेवून बसत्यात."

अण्णांनी कप अर्धाच खाली ठेवला नि खिळ्यावरच्या माझ्याकडे पाहिलं.

परवा दूध उतू चाललं. चिंधी सापडेना. अण्णांनी घाईनं मला ओढलं, आणि पातेल्याच्या काठाला नेमकी ती वाकडी पाकळी आली. जाड होती, म्हणून आच हाताला पोचली नाही. पातेलं खाली ठेवून ते कितीतरी वेळ मला धरून उभे होते.

मग कागद घेतला. पुटपुटत लिहिलं: "लक्ष्मी, चौथी पाकळी वाकडी आहे. बाकीच्या सरळ आहेत. आज त्या वाकडीनंच माझा हात वाचवला. खरं लिहायला अडीच वर्षं लागली. मी भित्रा आहे. सुई धर."

मित्रांनो, कुणी हातानं करून दिलेलं भिंतीला टांगू नका. ते मळू द्या, झिजू द्या. आणि कुणी जीव टाकून काही विचारलं, तर उत्तर अडवून धरू नका. माझ्यापुरतं म्हणाल, तर मला फारशी आशा नाही. पत्र वाचून दाखवील शिवलीला. ज्या डोळ्यांसाठी ते लिहायचं होतं, ते आता विझले. बोटं तरी टाके विसरली नसतील का, कोण जाणे.

काल अण्णा पाकीट घेऊन निघाले. दोनदा दारातूनच माघारी आले. तिसऱ्यांदा गेले, ते तासाभरानं मोकळ्या हातांनी परतले. अयोध्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मला हातात घेऊन चहा उतरवला नि मान वळवून विचारलं, "टाकलं का, सर?"

"टाकलं," अण्णा म्हणाले.