बरणी कोरडी राहिली तेव्हा

मी बरणी बोलतेय. लोणच्याची नाही, मुरंब्याचीही नाही. दवाखान्यातली, लघवी मोजायची. मुरडलंत ना नाक? मुरडा खुशाल. उभ्या आयुष्यात माझं कौतुक कुणी केलं नाही आणि मीही त्यासाठी झुरले नाही.

भट्टीतल्या वितळलेल्या काचेतून मी घडले. अंगावर मापाच्या रेघा कोरून घेतल्या आणि पेंढ्यात गुंडाळून शिरूरच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात येऊन पडले. माझ्याबरोबर आलेल्या औषधांच्या बाटल्या टेबलावर मिरवायच्या, मला मात्र झाडूवालीसुद्धा दोन बोटांनी उचलायची. माणसांचं मला नवल वाटतं. रक्त पाहून ती हळहळतात, घामाचं कौतुक करतात आणि लघवी म्हटलं की त्यांना मळमळतं. अहो, आत काय चाललंय ते सांगायला तीच तर बाहेर येते! एवढं ओळखून असलेली एकच बाई तिथे होती, कृपाबाई नर्स.

निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, भिंतींवर रंगवलेल्या प्रचाराच्या बैलजोड्या अजून ताज्या होत्या. तळेगाव ढमढेऱ्याच्या गुऱ्हाळावर उसाच्या रसाची काहील उतरवताना गेणबा गुळव्याचा पाय सरकला आणि उकळता रस त्याच्या कमरेखाली सांडला. मालट्रकात घालून त्याला आणलं. बरोबर बायको साखरबाई आणि बाप दगडोबा.

डॉक्टरांनी जखमा बांधल्या, लघवीसाठी नळी घालून तिचं टोक माझ्यात सोडलं. सलाइनच्या बाटल्या होत्या त्या संपल्या, पुण्याहून यायच्या होत्या. तोवर मीठ-सोडा घातलेलं पाणी घोट घोट पाजायचं, असं त्यांनी साखरबाईला नीट समजावलं. दगडोबा गावाकडे निघाला आणि जाताना सुनेला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "पोरी, भाजल्याला पानी द्यायचं नसतं. जखमा पानी धरत्यात, मानूस फुगून जातो. तुझ्या कुकवाचा सवाल हाय, ध्यानात ठेव."

साखरबाईने ध्यानात ठेवलं. गेणबा "पानी, पानी" करत तळमळायचा. ही भांडं त्याच्या ओठांना नुसतं टेकवायची आणि कृपाबाईंची पाठ वळली की खिडकीतून ओतून द्यायची. विचारलं तर म्हणायची, पाजलं. रडायची आणि ओतायची. नवऱ्यावरून जीव ओवाळून टाकणारी ती बाई त्याचाच जीव घेत होती, आणि मला ओरडताही येत नव्हतं.

मला येतं ते एवढंच, आहे ते दाखवायचं. सकाळी माझ्या तळाशी जेमतेम थेंब होते, काकवीसारखे काळपट. दुपारी तेही येईनात. कृपाबाईंनी मला उजेडात धरलं, मग खिडकीखालच्या ओल्या मातीकडे पाहिलं आणि त्या साखरबाईजवळ येऊन बसल्या.

"साखरे, पाणी पोटात गेलं असतं तर बरणी कोरडी ऱ्हायली असती का?"

साखरबाईने रिकामं भांडं पदराआड ओढलं.

"बरं, काहिलीतला रस आटला आन् जाळ तसाच ठिवला, तर काय हुतं?"

"तळ लागतो. समदं करपतं."

"तुझ्या मालकाच्या अंगातलं पाणी भाजल्या जागेतनं झिरपून चाललंय. रक्त घट झालंय. त्याची मूत्रपिंडं आता तशीच करपाय लागल्यात. ती बंद पडली की अंगातलं इख अंगातच ऱ्हातं. मग जखमा भरून बी मानूस हाती लागत न्हाई."

साखरबाईने माझ्याकडे बोट केलं. "मंग ही भरली म्हंजी?"

"भरली म्हंजी त्यो वाचाय लागलाय."

मग मात्र तिने भांडं खाली ठेवलं नाही. एक घोट पाजायची आणि माझ्याकडे बघायची. पुण्याच्या बाटल्याही आल्या.

दुसऱ्या दिवशी दगडोबा भाचरांना घेऊन दारात हजर. सून पाणी पाजतेय हे पाहून त्याचं पित्त खवळलं. "बंद कर ते! उचला रे त्याला, घरी न्यायचाय."

सासऱ्यापुढे जिने कधी मान वर केली नव्हती, ती साखरबाई खाटेच्या आडवी उभी राहिली. डोक्यावरचा पदर ढळला नाही आणि आवाजही कापला नाही. "न्हाई न्यायचा. कुंकू माझं हाय, आबा. तुमी बाकड्यावर बसा."

शाब्बास! असं मला तेव्हा बोलता आलं असतं तर!

दगडोबा बसला, धुमसत बसला. दुपार कलली आणि नळीतून लघवी यायला लागली. आधी काळपट, मग हळूहळू निवळत गेली. एक रेघ बुडाली, दुसरी बुडाली. कृपाबाईंनी मोजून मान हलवली. तेव्हा साखरबाईने मला दोन्ही हातांनी उचललं, वर फडकंसुद्धा टाकलं नाही, आणि भरल्या व्हरांड्यातून नेऊन सासऱ्यासमोर धरलं.

"बघा आबा. तुमचा ल्योक."

म्हातारा बघत राहिला आणि उपरण्यात तोंड खुपसून रडला.

गेणबाचे पाय थोडे आखडले, पण गुऱ्हाळावर बसून तो आजही पाक जोखतो म्हणे. माझा काठ चिरलाय, नव्या बरण्या आल्यात, उद्या मला फेकतील. फेका. रडगाणं गायला मी बोलले नाही. भाजलेल्या माणसाला डॉक्टरांनी पाणी पाजायला सांगितलंय आणि कुणी वडीलधारं आडवं आलं, तर त्याचा मान ठेवा, त्याला बाकड्यावर बसवा. आणि पाजा.