रुक्सांद्राचं उत्तर

आमच्या कुंपणापलीकडे सावेता राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, जीभ तिखट. जिल्ह्यातलं जुनं बालगृह बंद होणार आणि तिथली मुलं घराघरांत सांभाळायला देणार असं कळलं, तेव्हा तिने आपलं नाव दिलं. मी म्हटलं, "या वयात कशाला हा व्याप?"

"बदकांशी बोलून बोलून कंटाळले," ती म्हणाली.

रुक्सांद्रा आली तेव्हा आठ वर्षांची होती. पहिल्याच संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "मावशी, तुमची ड्यूटी कधी संपते?"

"कसली ड्यूटी? मी इथंच राहते."

"मग रात्री कोण येतं?"

"कोणी येत नाही. मी असते आणि घोरते. ऐकू येईलच तुला."

पोरीला हे खरं वाटायला अख्खा हिवाळा गेला. वसंत आला तशी ती बदकांमागे धावू लागली. प्रत्येकाला तिने बालगृहातल्या बायांची नावं दिली होती. चावणाऱ्या बदकाला तिथल्या मुख्य बाईंचं. आलुबुखारांचा मुरंबा अंगणात शिजायचा, तेव्हा लांब दांड्याचा डाव घेऊन तीच ढवळत उभी राहायची. सावेता ओरडायची, "तळ करपला तर तुलाच खायला घालीन!" आणि पोरगी खुदखुदायची.

तिसऱ्या वर्षी तिची आई परत आली. लाविनिया इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली होती. आता तिने शहरात खोली घेतली होती, सोबत एक माणूस होता, आणि तिला लेक हवी होती. बाई वाईट नव्हती. भेटायला येताना तिने बाहुली आणली होती, तीही बाहुल्यांचं वय सरलेल्या मुलीसाठी.

बालसंरक्षण कार्यालयातल्या कोरिनाने सावेताला समजावलं, "आई आहे ती. आधी तिचा हक्क."

"आणि पोरीचा हक्क?"

"आईपाशी राहणं हाच पोरीचा हक्क. तुम्ही सांभाळायला घेतलं होतं, सावेताबाई. दत्तक नव्हतं."

सावेता न्यायालयातही जाऊन आली. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलगी आईला दिली. निघताना रुक्सांद्राने दाराची चौकट धरून ठेवली. तिची बोटं सोडवायला कोणी पुढे होईना. शेवटी सावेतानेच ती एकेक करून सोडवली.

काही दिवस फोनही करू नका, पोर रुळू दे, असं कोरिनाने बजावलं होतं. सावेताने पाळलं. फोन वाजला की मात्र ती हातातलं टाकून धावायची.

पुढच्या थंडीत तो माणूस निघून गेला. भाडं थकलं, आणि लाविनिया पोरीला शेजारणीकडे ठेवून पुन्हा इटलीला गेली. शाळेतल्या बाईंच्या लक्षात आलं तेव्हा रुक्सांद्रा खोलीत एकटीच राहत होती. शेजारीण कधीच माहेरी निघून गेली होती. कार्यालयाने पोरीला शहरातल्या मुलांच्या एका छोट्या घरात ठेवलं. तिथं सात-आठ मुलं आणि आळीपाळीने येणाऱ्या बाया.

कोरिना स्वतः सांगायला आली. नजर वर उचलत नव्हती. "तुमच्याकडे परत देता येईल. पण आता ती अकरा वर्षांची आहे, तिला विचारावं लागेल."

सावेताने खोलीला चुन्याचा हात दिला, नवी रजई आणली. शहरातल्या त्या घरी मी सोबत गेले; कोरिना तिथं आधीच आली होती.

रुक्सांद्रा उंच झाली होती. खुर्चीच्या टोकावर बसली, पाहुण्यांसमोर बसतात तशी.

"चल गं, घरी जाऊ," सावेता म्हणाली.

"नको, मावशी."

"का गं? रागावलीस माझ्यावर?"

"नाही." मग ती म्हणाली, "तिकडे आले की मला आवडायला लागेल. मग परत कोणीतरी न्यायला येईल. इथून नेलं तर मला काही वाटणार नाही."

"मी नाही देणार आता कुणाला."

"तेव्हा तरी तुमच्या हातात कुठं होतं?"

कोरिना खिडकीकडे तोंड फिरवून उभी होती. आम्ही दोघी परतीच्या बसमध्ये बसलो.

उन्हाळ्यात कोरिनाने एका तान्ह्या बाळासाठी विचारलं. सावेताने नकार दिला.

ती अजून रविवारी शहरात जाते. कधी रुक्सांद्रा खाली येते, अर्धा तास बसते, शाळेचं काहीबाही सांगते. कधी येत नाही. मग सावेता आणलेला डबा दारातल्या बाईकडे देते आणि थांब्यावर येऊन बसची वाट बघते.