समासातली एक ओळ

"या पेन्सिलीला टोक म्हणून टिकत नाही. दर पानाला हिचं रडगाणं!" सर माझ्या शेजारी बसून पुटपुटत होते. पेन्सिल त्यांनीच दाबून दाबून झिजवली होती.

सर म्हणजे माझा नवरा. आधी मी चिडवायला म्हणायची. पन्नाशीला टेकताना मी पदवीला नाव घातलं, तेव्हापासून खरोखरीच. ते तीस वर्षं कॉलेजात शिकवत होते. माझं शिक्षण झालं शिवणाच्या मशीनवर, हाती येईल ते वाचून. पहिल्याच प्रकरणावर मी पिवळा मार्कर असा फिरवला की सर म्हणाले, "पान वाचलंस की भिंत रंगवलीस? अगं, सगळ्याखाली रेघ म्हणजे कशाखालीच नाही."

त्यांची रीत सोपी होती. एक परिच्छेद वाचायचा. पुस्तक मिटायचं. त्यात काय म्हटलंय ते समासात एका ओळीत, आपल्या शब्दांत लिहायचं. ओळ सुचली नाही तर वाचलंच नाहीस, परत वर. परत वर, परत वर करत मी दोन वर्षं काढली. लेखक काय म्हणतो आणि मी काय म्हणते, हे वेगळं ठेवायला शिकले. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हेही शिकले. घरात ते जरा जास्तच पाळलं.

सर सकाळी एकच अग्रलेख दोनदा वाचायचे आणि दोन्ही वेळा ताजे संतापायचे. मुलगी म्हणायची, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." मी म्हणायची, "झोप होत नाही त्यांना नीट." आम्हा मायलेकींचं इतकं एकमत आयुष्यात कधी झालं नव्हतं.

शेवटचा निबंध सोमवारी द्यायचा होता. त्यासाठीचं नदीच्या पाणीवाटपावरचं प्रकरण, आठ पानांची झेरॉक्स, मी सकाळीच सरांपुढे ठेवली होती. त्यांच्या ओळींशी माझ्या ओळी ताडून बघायच्या, की झालं. त्यांनी पाहिल्याशिवाय मी आजवर एकही कागद बाहेर दिला नव्हता.

आता ती पानं त्यांनी माझ्याकडे सरकवली. आठही पानांवर प्रत्येक ओळीखाली रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी. समासात त्यांचं तेच सुंदर अक्षर: "वरच्या गावाने पाणी अडवलं, की भांडण खालच्या गावात सुरू होतं." पहिल्या परिच्छेदापुरती अगदी अचूक ओळ. खाली ती आणखी बावीस वेळा होती.

मुलगी माझ्या खांद्यावरून डोकावली. "बाबा, तुम्ही पण भिंत रंगवलीत!"

आम्ही दोघी हसलो. सरही हसले, जरा उशिरा, आमच्या तोंडांकडे बघून.

"झेरॉक्सच फिकी आलीये," मी म्हटलं.

सरांनी पानं पालथी घातली. "मिटलं. आता विचार, शेवटच्या पानावर काय आहे?"

"अहो, कशाला?"

"विचार म्हणतो ना."

मी विचारलं. शिकवणीला आलेल्या लहान पोराला विचारावं तसं, सोपं करून. सर माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागले. मग खिडकीकडे बघितलं. मग पेन्सिलीचं मोडकं टोक अंगठ्याने चाचपत राहिले.

मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे ना आई. दमलेत ते."

"दमलो नाहीये," सर म्हणाले. "मिटलं की काही उरत नाही डोक्यात. विसरायला लागलोय मी. आणि तुम्हा दोघींना ते कधीचं माहितीये."