नऊ वह्या, पाच महिने

"पाच महिने," असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा छापखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा जुळारी खुर्चीत हललासुद्धा नाही. "पूर्ण अंधार नाही व्हायचा," त्या म्हणाल्या. "माणसं दिसतील, दार दिसेल. पण बघाल तिथे मधोमध डाग राहील. अक्षर काही लागणार नाही."

"पाच म्हणजे नक्की पाच का?"

"डोळे वायदा करत नाहीत, काका."

घरी येऊन त्याने पलंगाखालचा खोका ओढला. आत त्याच्या लेकीच्या नऊ जाड वह्या होत्या. लेक कॉलेज संपल्यावर दूरच्या शहरात नोकरीला गेली, अठ्ठावीस वर्षं तिथेच राहिली आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच आजाराने गेली. कॉलेजपासून ती या वह्यांत अधूनमधून मनातलं लिहीत असे. "बाबांच्या हातात द्या," असं तिने शेवटी मैत्रिणीला सांगून ठेवलं होतं. दोन वर्षं जुळारी खोका उघडायचा आणि बंद करायचा. आता धीर यायची वाट बघायला सवड उरली नव्हती.

"मी वाचून दाखवतो की," मुलगा म्हणाला. "रोज चहाबरोबर पाच पानं."

"नको. तिने माझ्या हातात द्यायला सांगितल्यात, कानात घालायला नाही."

"बाबा, पण तुमचा वाचायचा वेग..."

वेगाचं मात्र खरं होतं. एका पानाला अर्धा तास! या चालीने पाच महिन्यांत तीन वह्या झाल्या असत्या. उरलेल्या सहा जन्मभर उशाशी ठेवून नुसत्या चाचपायच्या.

आता जो माणूस सेहेचाळीस वर्षं छापखान्यात होता, त्याला वाचायला इतका वेळ का लागावा? तर छापखान्यात होता म्हणूनच. जुळाऱ्याचं काम म्हणजे समोरच्या कागदावर एक अक्षर बघायचं, खणांच्या पेटीतून त्या अक्षराचा शिशाचा खिळा उचलायचा, पट्टीत बसवायचा आणि पुढचं अक्षर बघायचं. कामाला लागला त्याच दिवशी फोरमनने त्याला दम भरला होता, "अर्थाच्या नादी लागलास तर याद राख. अर्थ लागला की माणूस पुढचं मनानेच जुळवतो." त्याने ते शहाण्यासारखं पाळलं. कायद्याचे ग्रंथ, औषधांची पत्रकं, कवितासंग्रह, सगळं त्याच्या बोटांखालून गेलं. डोक्यात एक ओळ शिरली नाही. तो छापखान्यातला सर्वांत बिनचूक जुळारी होता.

मागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई मुलांना भरभर वाचायला शिकवत. एका दुपारी जुळारी तो जिना चढून गेला. सहा मुलं बाकांवर होती. सातव्या बाकावर तो बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागले.

"आजोबा, तुम्ही नापास झालात का?" एका मुलीने विचारलं.

"अजून परीक्षाच झाली नाही."

ही मुलगी म्हणजे आगगाडी. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. ती एका दमात धडा वाचून काढायची, स्टेशन आलं तरी थांबायची नाही, आणि काय वाचलंस विचारलं की तोंड उघडं. बाईंनी दोघांची जोडी लावून दिली. "हिला थांबायला शिकवा," त्या म्हणाल्या, "आणि तू यांना पळायला."

बाईंनी तीन दिवस त्याला नुसतं वाचताना पाहिलं. चौथ्या दिवशी त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "आजोबा, तुमची बोटं बघा."

त्याने पाहिलं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी हवेत खिळे उचलत होती. एका अक्षराला एक खिळा.

"तुमचा हात वाचतोय," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसते शेजारी बसला आहात."

तेव्हापासून वाचताना त्याचा उजवा हात आगगाडीने धरून ठेवायचा, असं ठरलं. ती तो पकडलेल्या चोरासारखा घट्ट धरायची. "हलला! बाई, हलला!" असा पुकारा दर मिनिटाला व्हायचा आणि सगळा वर्ग हसायचा.

बाकी बाईंची रीत साधी होती. आधी मथळा आणि पहिली ओळ वाचून, पुढे काय असेल याचा अंदाज करायचा. मग एकेक अक्षर न वेचता तीन-चार शब्दांवर एकदम नजर टाकायची. ओठ हलवायचे नाहीत. वाचलेली ओळ पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकत जायची, म्हणजे नजर मागे रेंगाळत नाही. आणि पान संपलं की पुस्तक मिटून समोरच्याला सांगायचं. "सांगता आलं तरच वाचलं," बाई म्हणत. "नाहीतर डोळ्यांनी फेरफटका मारला, एवढंच."

पहिल्यांदा त्याला काहीच सांगता येईना. एका ओळीत किती शब्द होते ते तो सांगायचा. आगगाडी कपाळावर हात मारून घ्यायची. "अहो, धड्यातला कोल्हा कुठे गेला ते सांगा! शब्द कसले मोजताय?"

पण माणूस चिकट होता. दीड महिन्याने पान सात मिनिटांवर आलं, आणि कोल्हा कुठे गेला, का गेला, तेही सांगता येऊ लागलं. पहिली वही त्याने रखडत संपवली होती. दुसरी दहा दिवसांत झाली. प्रत्येक पान झाकून तो ते समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगायचा. लेक कॉलेजात कुणाशी भांडली, तिला कुठला मास्तर आवडायचा, पहिल्यांदा साडी नेसून ती जिन्यात कशी पडली. कधी हसायचा. शेजारच्या खोलीतून मुलगा ऐकत असे.

तिसऱ्या वहीत ते पान आलं.

"नोकरीचं पत्र आलंय. सगळे आनंदात आहेत. मला जायचं नाहीये. तोंडाने सांगायला जमेना, म्हणून कॉलेजच्या अंकासाठी गोष्ट लिहिली. एका मुलीची. तिचा बाप एकदा 'थांब' म्हणाला तर ती थांबणार आहे. अंक बाबांच्याच छापखान्यात जातो, माझी पानं बाबाच जुळवणार."

आणि त्याच्या खाली चार दिवसांनंतरचं.

"बाबांनी गोष्ट जुळवली. मी विचारलं, कशी वाटली? म्हणाले, 'अगदी चोख. एक चूक सापडायची नाही.' मग जेवायला बसले. म्हणजे त्यांना कळलं, आणि त्यांचं उत्तर हे असं आहे. मी जाते. आता पुन्हा विचारायचं नाही."

जुळाऱ्याने पट्टी पानावर ठेवली. ती पानं त्याला लख्ख आठवत होती. तीन पानं होती. बारीक टाइप. दुसऱ्या पानावर 'ळ' संपले म्हणून त्याने शेजारच्या पेटीतून पाच उसने आणले होते. मथळ्याभोवती त्याने हौसेने वेलबुट्टीची चौकट घातली होती, लेकीची गोष्ट म्हणून. गोष्टीत काय होतं, ते तेवढं आठवत नव्हतं. आठवणार कुठून?

दुसऱ्या दिवशी वर्गात आगगाडीने त्याचा हात धरला, धडा वाचून होईपर्यंत थांबली आणि पुस्तक झाकलं. "हं, सांगा."

तो म्हणाला, "एक मुलगी होती. तिला लांब जायचं नव्हतं. तिने बाबांना चिठ्ठी लिहिली, की मला थांबवा."

"हे धड्यात नाहीये."

"नाहीये."

"मग? बाबांनी काय केलं?"

"बाबांनी तिची पेटी बांधून दिली."

"म्हणजे तिने जावं असं त्यांना वाटत होतं?"

"छे गं! त्यांना रात्रभर झोप नव्हती. पण त्यांना वाटलं, तिला जायचंय. आपण कशाला पायात यायचं?"

"आणि चिठ्ठी?"

"ती त्यांनी वाचलीच नाही. नुसती पाहिली."

आगगाडीने जरा विचार केला. "मग तिने परत का नाही विचारलं? मी तर दहादा विचारते."

"तू हुशार आहेस."

बाई फळ्याशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मुलं गेल्यावर त्या त्याच्या समोरच्या बाकावर बसल्या. लेकीचं आणि वह्यांचं त्याने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"अजून किती वह्या राहिल्यात?"

"सहा."

"मग वाचा. अठ्ठावीस वर्षांत तिने पुन्हा कुठेतरी विचारलं असेल."

त्यानंतर जुळारी वर्गात आला नाही. खिडकीपाशी बसून सकाळपासून उजेड असेपर्यंत वाचायचा. आता त्याचा हात कुणी धरायची गरज नव्हती. पान सहा मिनिटांवर आलं, मग पाचवर. तिचं भाड्याचं घर, कचेरीतल्या कुरबुरी, मोडलेलं लग्न, मांजर, गुडघेदुखी. सगळं त्याला समजत होतं, आणि सगळं लक्षात राहत होतं. मुलाने मध्येच विचारलं, "ताईने ते घर कधी बदललं हो?" तर तो महिना आणि कारण दोन्ही सांगायचा. 'बाबा' हा शब्द आला की त्याची पट्टी थांबायची. "बाबांना स्वेटर पाठवला." "बाबा फोनवर खोकत होते." एवढंच असायचं. पुन्हा विचारायचं नाही म्हणाली होती, आणि शब्दाची पक्की निघाली.

चौथ्या महिन्याच्या अखेरीला डाग आला. नववी वही त्याने मान तिरकी करून, डागाच्या कडेने, नाक कागदाला लावून वाचली. एका पानाला पुन्हा अर्धा तास लागू लागला. शेवटच्या पानावर पाचच ओळी होत्या.

"रिपोर्ट आले. चांगले नाहीत. रविवारी बाबांना फोन करीन. आजारपणाचं नाही सांगायचं. काही दिवस घरी येऊ का, एवढंच विचारीन. नाही, मी नाही विचारणार. ते आपणहून म्हणतात का बघू."

जुळाऱ्याने वही मिटली. समोरच्या खुर्चीला सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि तो रविवार त्याला आठवला. फोन आला होता. तिने विचारलं होतं, जेवलात का? त्याने म्हटलं होतं, हो. तिने विचारलं, पाऊस आहे का तिकडे? तो म्हणाला, नाही. मग पलीकडे ती काही न बोलता थांबली. पुष्कळ वेळ थांबली. तिचं फोनचं बिल वाढत असेल, असं त्याच्या मनात आलं होतं.

"बरं मग, ठेव," तो म्हणाला होता.